नऊ हात गाडीवाट

पिंपरखेडी, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५९

चिरंजीव संतरामास गोजरबाईचे आशीर्वाद.

मी ठीक हाय. तू, रुख्मिणी आन लेक शकू ठीक असाल. अक्षर वाकडं आलं तर हसू नको. तू शाळेतून येऊन पाटीवर गिरवायचास तवा शेजारी बसून जेवढं उचललं तेवढंच मला येतं, आन मोठ्या बहिणीनं दुसऱ्याकडून कागद लिहून घ्यावा हे मला बरं वाटत न्हाई.

तुला वाटेसाठी लिहून राहिले. आपलं वावर आन तातेरावचं वावर यांच्या मधून जी गाडीवाट हाय ती बापाच्या वक्तापासून नऊ हात. तांड्याच्या गाड्या, खालच्या शिवारातल्या गाड्या समद्या त्याच वाटेनं गावात येतात आन पुढं पुसेगावच्या बाजाराला जातात. तुला ठाऊकच हाय. पन तू हिंगोलीला कचेरीत अर्ज लिहायला गेलास त्याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तातेराव दर साली नांगराचं एक तास वाटेत घालतो. एक तास म्हंजे काय, वाटेची चार बोटं. कोन भांडनार चार बोटांसाठी? म्हनून कोनी भांडलं न्हाई. औंदा त्यानं त्या जागेवर काट्याचं कुंपन घातलं. म्या हातानं मोजलं. वाट सात हात राहिली.

आता दोन गाड्या समोरासमोर आल्या की एक आपल्या हरभऱ्यात उतरते. तांड्याचा उत्तमसिंग भला मानूस, उतरताना हात जोडतो, म्हनतो, "बाई, काय करू, जागा न्हाई." पन हरभरा तर गेलाच.

दुसरं, पावसाळ्याच्या आधी दोनी घरं मिळून ओढ्याजवळ मुरूम टाकायची. तेही त्यानं तीन सालापासून सोडलं.

वावर तुझ्या नावावर हाय. मी बाईमानूस, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. माझं त्यो ऐकत न्हाई. तू एक डाव ये आन त्याच्याशी बोल. भांडू नको, नुसतं बोल.

गोजरबाई

---

हिंगोली, ता. ६ जानेवारी १९३८

तीर्थरूप आक्कास संतरामचा दंडवत.

तुझं पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली मी सतरंजी टाकून बसतो, आणि दिवसाला जे दहा-बारा अर्ज लिहितो त्यातले निम्मे बांधाचे आणि वाटेचेच असतात. काल एक म्हातारा सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज लिहून घ्यायला आला होता. लिहून झाल्यावर म्हणाला, यात माझं नाव घालू नका, त्याला वाईट वाटेल.

मी सध्या येऊ शकत नाही. साहेब दौऱ्यावरून परतले आहेत, या दिवसांत जागा सोडली तर दुसरा कोणी सतरंजी टाकतो. पण तू काळजी करू नको. तहसीलदारांच्या नावे उर्दूत अर्ज लिहून आजच दाखल केला आहे. पटवारी मोजणीला येईल. साखळी टाकली की सगळं स्पष्ट होईल. तोंडानं बोलून माणूस फिरतो, आक्का, कागद फिरत नाही.

मोजणी होईपर्यंत तातेरावशी वाद घालू नको. तुझे गुडघे कसे आहेत? रुख्मिणीनं तेल पाठवलं आहे. शकू आता स्वयंपाक करते.

तुझा
संतराम

---

पिंपरखेडी, पोळ्यानंतरचा आठवा दिवस, शके १८६०

चिरंजीव संतरामास आशीर्वाद.

तेल पोचलं. तुझा अर्जही पोचला असनार, कारन पटवारी आला व्हता. उन्हाळ्यात आला. तातेरावच्या घरी जेवला, मग ऊन उतरल्यावर वाटेवर आला. साखळी टाकली, वहीत लिहिलं. म्या इचारलं, "किती भरली?" म्हनला, "बराबर हाय, बाई." म्या म्हनलं, "बराबर म्हंजे किती हात?" त्यो म्हनला, "बराबर म्हंजे बराबर." आन गेला.

पुढं पाऊस लागला. ओढ्याजवळ चिखल एवढा झाला की आखाडात तांड्याच्या तीन गाड्या एका दिवशी फसल्या. उत्तमसिंग आन त्याची बायको भिकाबाई माझ्या दारात आले. त्यो म्हनला, "बाई, सरकार येनार न्हाई, तातेराव येनार न्हाई. तुमी पाट्या द्या, आमी मानसं देतो." मंग पावसानं उघडीप दिली तवा आमी तीन दिवस माळावरून मुरूम आनला. तांड्याच्या आठ-दहा बाया आन मी डोक्यावर पाट्या, गडी खोदायला. भिकाबाई गानं म्हनायची, मला त्यातलं काही कळत न्हाई, पन पाय उचलायला बरं वाटायचं.

तातेराव बांधावर उभा राहून बघत व्हता. दुसऱ्या दिवशी म्या त्याला म्हनलं, "तातेरावदादा, दोन पाट्या तुमी टाका. वाट तुमचीबी हाय."

त्यो म्हनला, "अर्ज देताना वाट तुमच्या एकट्याची व्हती. आता दुरुस्तीबी एकट्यानंच करा."

अर्ज तर दिलाच व्हता.

मी ठीक हाय. कामानं अंग दुखतं, दुसरं काही न्हाई. तू दसऱ्याला येनार का?

गोजरबाई

---

हिंगोली, ता. ९ फेब्रुवारी १९३९

तीर्थरूप आक्कास दंडवत.

दसऱ्याला येणं झालं नाही, आणि उत्तरालाही फार उशीर झाला, रागावू नको. थंडीत मला खोकला होता. आता बरा आहे.

गेल्या आठवड्यात तातेराव हिंगोलीला आला होता. माझ्या सतरंजीपाशी येऊन बसला. मी त्याला घरी जेवायला नेलं. दारी आलेल्या गाववाल्याला तसंच कसं पाठवणार? आक्का, लहानपणी आपण पाहिलेला तातेराव आणि आताचा यात फरक पडला आहे. माणूस वाईट नाही. थकला आहे तोही. म्हणाला, "संतराम, तुझी बहीण वाट माझ्यामुळं खराब झाली म्हणते, पण तिनंच दोन वर्षं विहिरीचं पाणी पलीकडं न्यायला वाट कापून पाट काढला होता. तिथूनच चिखल सुरू झाला." हे खरं आहे का? तू मला कधी लिहिलं नाहीस.

माझ्या मनात एक विचार येतो. त्यानं घेतलेले दोन हात त्याच्याकडे राहू द्यावेत आणि आपल्या बाजूचे दोन हात वाटेला सोडावेत. वाट पुन्हा नऊ हात होईल, तांड्याची तकलीफ जाईल, भांडण मिटेल. दोन हातांत आपलं असं काय जातं? तू विचार कर आणि तुझं मत कळव. तुझ्या मताशिवाय मी काही करणार नाही.

शकूला पंधरावं सरेल आता. तुझी आठवण काढते.

तुझा
संतराम

---

पिंपरखेडी, होळीच्या आधीचा सोमवार, शके १८६०

चिरंजीव संतरामास आशीर्वाद.

तू इचारलंस म्हनून सांगते. व्हय, खरं हाय. वाटेच्या पल्याड, ओढ्याच्या अंगाला आपला जो तुकडा हाय, तिथं कांदा लावला व्हता. पानी न्यायला वाट कापली. दोन साल. दर डाव कांदा निघाल्यावर म्या ते बुजवून दिलं, पन बुजवलेली माती आन मूळची माती एक नसते, तिथं खड्डा पडला त्यो पडलाच. तुला लिहिलं न्हाई कारन लाज वाटली. तातेरावचं कुंपन लिहिताना माझा पाट लिहायला पायजे व्हता. आता लिहिला.

पन दोन हात सोडायचं म्हनतोस, त्याला माझं मत न्हाई. त्यो दोन हातांचा लोभ न्हाई, संतराम. तू आपली विहीर इसरलास. वाटेच्या कडेपासून विहीर चार हातांवर. तिला कठडा न्हाई, बांधकाम न्हाई, नुसती काळी माती आन वर मुरमाचा थर. पावसाळ्यात कड भुसभुशीत व्हती. वाट दोन हात अल्याड आली की भरल्या गाडीचं चाक विहिरीपासून दोन हातांवरून जाईल. आज न्हाई तर चार सालांनी कोनीतरी आत जाईल. मानूस जाईल का बैल, येवढंच बघायचं.

म्हनून वाट हाय तिथंच राहू दे, सात तर सात हात. माझा हरभरा जातो त्यो जाऊ दे.

आन एक इचारते. तातेराव कोर्टाचं काम न्हाई, बाजाराचं न्हाई, येवढा हिंगोलीला काहून आला व्हता?

गोजरबाई

---

पिंपरखेडी, ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६१

संतरामास,

होळीच्या आधी कागद धाडला, तुझं उत्तर आलं न्हाई. आता त्याची गरज उरली न्हाई.

परवा सकाळी तातेराव दोन गडी घेऊन आला. आपल्या बाजूचा बांध फोडू लागले. मी पळत गेले. म्या म्हनलं, "दादा, हे काय करून राहिले?" त्यानं बंडीच्या खिशातून कागद काढला. म्हनला, "तुमच्या भावानं दिलंय, बाई. माझ्यावर कायला चिडता?" कागद उर्दूत. पन खाली सही आपल्या अक्षरात व्हती. तुझा 'सं' मला ठाऊक हाय, त्याचं टिंब तू उजवीकडं देतोस.

तरी मनात आलं, खोटा असंल. म्हनून म्या त्याला म्हनलं, चला पुसेगावच्या मास्तरांकडं, ते वाचतील. त्यो आलाबी. मास्तरांनी वाचून दाखवलं. दोन हात वाटेला सोडले, पुढं तक्रार न्हाई. म्या तारीख इचारली. मास्तर म्हनले, ही तर संक्रांतीच्या आधीची तारीख हाय.

संक्रांतीच्या आधी तू सही केलीस. संक्रांत झाल्यावर महिन्यानं तू मला लिहिलंस, इचार कर, तुझ्या मताशिवाय काही करनार न्हाई. तुझ्या त्या कागदावर म्या चार दिवस इचार केला, संतराम. पाट काढल्याची लाज गिळून तुला खरं लिहिलं. तवा सही होऊन गेली व्हती.

परतताना वाटेत तातेरावच म्हनला, "आता आपन सोयरे व्हनार. माझ्या बहिनीच्या पोराला तुमची शकू ठरली. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?" म्या म्हनलं, "सांगितलंय." दुसरं काय म्हनू?

शकूचं चांगलं झालं तर मला नको हाय का? तू मला सांगितलं असतंस तर काय म्हनले असते ते मलाच ठाऊक न्हाई. कदाचित दे म्हनले असते. पन इचारलं असतंस.

बांध फोडून झाला. विहिरीच्या कडेला म्या काट्या रोवून चिंध्या बांधल्यात.

गोजरबाई

---

हिंगोली, ता. २० जून १९३९

तीर्थरूप आक्कास दंडवत.

तीन वेळा कागद घेऊन बसलो आणि उठलो. दुसऱ्यांसाठी लिहिताना माझा हात थांबत नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. शकूसाठी तीन स्थळं पाहिली, तिन्ही मोडली. एकाला मुलगी काळी वाटली, एकाला मी लिंबाखाली बसतो हे कमीपणाचं वाटलं, तिसऱ्यानं कारणच सांगितलं नाही. रुख्मिणी रोज रडत होती. तेव्हा तातेराव स्थळ घेऊन आला. बहिणीचा मुलगा, शेतीवाडी, निर्व्यसनी. दोन दिवस वाटेचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं. तिसऱ्या दिवशी निघताना, पायांत वहाणा घालता घालता म्हणाला, "आता सोयरिक होणार तर ते वाटेचंही मिटवून टाकू." मी म्हटलं आक्काला विचारतो. तो म्हणाला, "वावर तुझं आहे ना?" आणि आक्का, मी स्वतःच्या हातानं कागद लिहिला. कोणी बळजबरी केली नाही. तो आला होता संक्रांतीच्या आधी, गेल्या आठवड्यात असं मी तुला खोटं लिहिलं.

मग तुला पत्र लिहिलं, कारण तू होकार दिलास तर सही आधीची की नंतरची हे कोणाला कळणार नव्हतं. तू नाही म्हणालीस. मग मला उत्तर सुचेना.

विहिरीचं मला खरंच आठवलं नव्हतं. म्हणजे विहीर आठवत होती, पण ती वाटेपासून लांब आठवत होती.

लग्न माघात धरलं आहे. तू येशील ना? शकू विचारते, आत्या का लिहीत नाही.

संतराम

---

पिंपरखेडी, दसऱ्याच्या आधीचा बुधवार, शके १८६१

चिरंजीव संतरामास आशीर्वाद.

तुझ्या कागदाला उत्तर देनार न्हवते. आता द्यावं लागून राहिलं.

भाद्रपदात पाऊस आठ दिवस लागून व्हता. नवव्या दिवशी उघडलं तसा उत्तमसिंग ज्वारी दळायला घेऊन गाडीनं निघाला. समोरून खालच्या शिवारातली एक गाडी आली. उत्तमसिंगनं आपली गाडी विहिरीच्या अंगाला घेतली. नऊ हात वाट हाय ना आता, मंग भ्यायचं काय? कड खचली. अल्याडच्या अंगाचा बैल आधी गेला, त्याच्या मागं जू, गाडी आडवी होऊन काठावर अडकली म्हनून उत्तमसिंग वाचला. पल्याडचा बैल जोत तुटून सुटला.

मी हाका मारल्या. पहिला धावत कोन आला सांगू? तातेराव. खांद्यावर नाडा घेऊन आला. काही इचारलं न्हाई, धोतर खोचलं आन उतरला विहिरीत. कड अजून ढासळत व्हती. म्या वरून म्हनलं, "दादा, नका उतरू, माती खाली येऊन राहिली." त्यो खालून म्हनला, "बैल दम टाकतोय, नाडा सोडा." पाठोपाठ उत्तमसिंगबी उतरला. दोघांनी पान्यात राहून बैलाच्या पोटाखालून नाडा घातला. तांड्याची वीस मानसं वर ओढायला. अर्धा दिवस गेला. बैल निघाला जिता, पन मागचा पाय मोडला. त्यो आता कधी जुवाला लागनार न्हाई. भिकाबाईनं त्याचं तोंड मांडीवर घेतलं आन बसून राहिली. रडली न्हाई.

तातेराव बांधावर वल्लाच बसला. थंडीनं कापत व्हता. म्या घोंगडी आनून दिली. मंग उत्तमसिंगला म्हनला, "मला काही बोल."

उत्तमसिंग म्हनला, "काय बोलू, दादा? मी रोज या वाटेनं जातो. वाट कोनाची ते मला अजून कळलं न्हाई."

येवढंच. पंचायत न्हाई, शिवी न्हाई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तातेरावचं तोंड दिसत व्हतं. माझंबी तसंच व्हतं. कागद आपल्या घरातून गेला, संतराम.

चौथ्या दिवशी तातेराव एकटाच आला आन त्यानं आपलं काट्याचं कुंपन मागं सारलं. दोन हात न्हाई. एक हात. म्या बघत उभी व्हते. त्यो म्हनला, "राहिलेल्या एका हातात तुरीचं खोड उभं हाय, ते काढवत न्हाई." तुरीचं खोड माघात निघंल, तवा काय म्हनंल ठाऊक न्हाई. म्या आपल्या बाजूचा बांध पुन्हा पयल्या जागी घातला, विहिरीच्या कडेला दगड रचले. त्या दगडांना त्यानं हात लावला.

रब्बीच्या पेरनीला उत्तमसिंगला आपल्या जोडीतला ढवळ्या दिला. कायमचा. तुला न इचारता दिला. राहिलेल्या बैलासाठी म्या एका बाईशी सावड करीन, तिचा एक बैल, माझा एक.

लग्नाला येईन. शकूचा यात काही दोष न्हाई.

गोजरबाई

---

हिंगोली, ता. १२ नोव्हेंबर १९३९

तीर्थरूप आक्कास दंडवत.

तुझं पत्र वाचून दोन दिवस सतरंजी टाकली नाही.

सोबत कागद पाठवला आहे. आधीचा समजुतीचा कागद रद्द केल्याचा हा कागद आहे. कचेरीत नोंद केली, शिक्का घेतला. आता वाट पूर्वीसारखी नऊ हात, दोन्ही बाजू पूर्वीच्या. रुख्मिणी नको म्हणाली. सोयरिक मोडेल अशी तिला भीती आहे. मलाही आहे. तरी केला. तू तातेरावला दाखव, म्हणजे तो राहिलेला हातही सोडेल. त्याला सोडावाच लागेल.

ढवळ्या दिलास ते बरोबर केलंस. मला विचारायची गरज नव्हती.

उन्हाळ्यात मुरूम टाकायला मी येतो. या खेपेला नक्की.

संतराम

---

पिंपरखेडी, वैशाख वद्य तृतीया, शके १८६२

चिरंजीव संतरामास आशीर्वाद.

लग्नातून परतल्यावर लिहीन म्हनलं व्हतं, कामात राहून गेलं. शकू परवा तातेरावच्या घरी मामेसासऱ्यांकडं म्हनून चार दिवस येऊन गेली. नवरा घेऊन माझ्याकडंबी आली. जेवली. मानूस शांत दिसतो. तिच्या हाताला कामाचे घट्टे पडलेत, पन हसत व्हती. तिला वाटेचं कोनी काही सांगितलेलं न्हाई, तूबी सांगू नको.

तुझा रद्द केलेला कागद म्या तातेरावला दाखवला न्हाई. लग्नाच्या आधी दाखवला असता तर शकूचं मोडलं असतं, लग्नाच्या नंतर दाखवला असता तर तिला त्या घरात रोज ऐकावं लागलं असतं. तुरी निघाल्या. खोडं निघाली. त्यो राहिलेला एक हात त्यानं सोडला न्हाई, पुन्हा नांगरला. मी बांधावर उभी व्हते, त्यानं माझ्याकडं बघितलं, म्या त्याच्याकडं. कागद घरात व्हता. म्या घरी जाऊन भाकरी थापल्या. त्यो कागद पत्र्याच्या पेटीत हाय, तुला पायजे तर घेऊन जा.

आठ हातांत दोन गाड्या घासून जातात, पन जातात. हरभऱ्यात कोनी उतरत न्हाई. विहिरीच्या दगडांपासून चाकं लांब राहतात. म्या पुरे म्हनलं. आता मला त्रेपन्नावं लागलं, त्याला साठ. एका हातासाठी अजून धा सालं भांडायचं बळ कोनात हाय?

मुरूम मागच्या आठवड्यात टाकला. तू येनार म्हनून आमी दोन दिवस थांबलो, मंग तुझा निरोप आला, छाती भरलीय म्हनून. तिसऱ्या दिवशी तातेराव खोरं घेऊन आला. म्हनला, "संतराम कुठं हाय?"

म्या म्हनलं, "त्याची छाती भरलीय. डाक्तरनं उठू नको म्हनलंय."

त्यो म्हनला, "मंग त्याच्या वाटच्या पाट्या मी टाकतो."

त्यानं टाकल्या. चार दिवस टाकल्या. उत्तमसिंग खोदायचा, त्यो भरायचा, भिकाबाई आन मी न्यायचो. दुपारी चौघं लिंबाखाली भाकरी खायचो. भिकाबाईचं गानं औंदा न्हवतं. पन काम झालं. ओढ्यापर्यंत वाट पांढरी दिसते.

तुझी छाती चांगली हाय हे मला ठाऊक हाय. रुख्मिणीनं शकूजवळ सांगितलं. तू का आला न्हाईस तेबी मला कळतं. तातेरावच्या तोंडाकडं बघायला तुला लाज वाटत नसंल, माझ्या वाटत असंल. मी तुला काही म्हननार न्हाई. म्हनायचं व्हतं ते जेष्ठात लिहून झालं, आता त्यातलं काही उरलं न्हाई.

पन तातेराव रोज सांच्याला वाटेवर भेटला की इचारतो, संतरामची छाती कशी हाय. म्या रोज एक खोटं सांगते. थोडी बरी हाय, म्हनते. दोन महिने झाले की बरी झाली म्हनावं लागंल, मंग त्यो इचारंल, तर आला काहून न्हाई.

मला आता येवढं खोटं जमत न्हाई. तू ये. कागद आनू नको, पाटीला हात लावू नको. पुसेगावच्या रस्त्यावर उतर आन वाटेनं चालत ये. त्यो बांधावर असंल तर राम राम कर आन घरी ये.

तुझी
आक्का